धुऱ्यावर सापडलेला पांढरा ससा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात सशांबद्दलची पत्रं इतकी आली की गाई-म्हशींचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. जत्रेतून, आठवडी बाजारातून हौसेनं आणलेला ससा चार महिन्यांत मोठा होतो, मुततो, वायरी कुरतडतो, मग कुणीतरी त्याला वावराच्या कडेला सोडून येतं. अशा सोडून दिलेल्या सशांविषयीची पत्रं आधी घेतली आहेत.

पऱ्हाटी उपटायला गेलो तर धुऱ्यावर पांढराशुभ्र ससा बसलेला. पळाला नाही. पोरानं टोपल्याखाली धरला. दोन दिवस झाले, कोपऱ्यात बसून आहे, पोळी दिली तर हुंगून सोडतो. ठेवावा की जंगलात सोडावा?
— वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

जंगलात सोडू नका. आपल्या रानातला भुरा, लांब तंगड्यांचा ससा वेगळा आणि हा वेगळा. पाळीव ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणाऱ्या जातीचा. काळ्या मातीवर पांढरं अंग लांबूनच उठून दिसतं. कुत्रं, मुंगूस, घार यांच्यातून तो दोन-चार दिवसही निभावत नाही. पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं मरेल अशा स्थितीत सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हाही आहे. तरी कुणाच्या घरून सुटून आला असेल तर? गावात चार ठिकाणी विचारा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. तोवर तो तुमच्याकडेच राहू द्या.

पहिले दोन दिवस त्याला फक्त निवांतपणा हवा. घरातली सगळ्यात थंड, शांत खोली निवडा. कुत्रं, मांजर, टीव्ही यांपासून दूर. कोपऱ्यात पुठ्ठ्याचा खोका उपडा ठेवा आणि त्याला समोरासमोर दोन भोकं पाडा, साधारण 8 इंचाची. एकच भोक असलं की सशाला तो सापळा वाटतो. पाणी जड मातीच्या परळात ठेवा; हलकी वाटी तो उलटवतो. दूध नको, साखरपाणी नको, पोळी तर नकोच. ताजी हरळी मूठभर आणि सुकं गवत ढीगभर ठेवून दार लोटून घ्या. पोरांना सांगा, आज नुसतं पाहायचं, उचलायचं नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. सशाची तब्येत तोंडाकडं पाहून कळत नाही. ज्या जनावराला सगळेच खातात ते दुखणं लपवतं. तब्येत कळते लेंड्यांवरून. धडधाकट मोठा ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या, गोल, कोरड्या. एक उचलून बोटांत चुरा: आत पिवळट गवताचा भुसा दिसला पाहिजे. लेंड्या बारीक, काळ्या, टणक असतील किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या असतील, तर पोटात गवत कमी पडतंय. आणि 10-12 तास ना खाणं, ना लेंडी, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडं न्या. सशाचं आतडं सतत चालू असावं लागतं. ते थांबलं की आत वायू धरतो, दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, खात नाही म्हणून आतडं आणखी थंडावतं. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळं सुटकेची दुसरी वाटही नाही. तुमचा ससा दोन दिवसांपासून कोपऱ्यात आहे, म्हणून पत्र छापून यायची वाट न पाहता खोक्याखाली लेंड्या आहेत का ते आजच बघा.

तो खायला लागला की तिसऱ्या दिवशी तपासणी करा. जमिनीवर चुंगडी अंथरून, स्वतः खाली बसून. टेबलावर नको, तिथून उडी मारतो. कान धरून कधीही उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अंग आपल्या पोटाशी टेकवून. मागचे पाय अधांतरी राहिले की तो जोरात लाथ झाडतो, आणि त्या झटक्यात त्याचाच मणका मोडू शकतो. मग क्रमानं पाहा: वरचे पुढचे दात खालच्यांच्या किंचित पुढे येतात ना, पुढच्या पायांची आतली बाजू चिकट, गुंतलेली आहे का (असेल तर तो वाहतं नाक पुसतोय, म्हणजे सर्दी), कानात तपकिरी खपल्या, पायांच्या तळव्याचे केस गेलेत का, शेपटीखाली ओल किंवा अळ्या. शेवटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाटीसकट वजन करून तारीख घालून लिहून ठेवा. दर आठवड्याला वजन घ्या. तीन आठवडे सलग घटलं तर दिसायला कितीही गुटगुटीत असो, काहीतरी बिघडलंय.

आमच्याकडं धानाची तणस भरपूर आहे, गाईची सरकी ढेप आहे, कोंबड्यांचं खाद्य आहे. यातलं सशाला काय चालेल? आणि गाजर रोज किती द्यावं?
— वाचक, ता. तिरोडा, जि. गोंदिया

तिन्हींपैकी फक्त तणस, तीही मुख्यतः अंथरायला. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला ते बऱ्यापैकी पचतं, सशाला बाधतं. कोंबडीच्या खाद्यात काही वेळा अशी औषधं मिसळलेली असतात जी सशाला मारक ठरतात, आणि पोत्यावर ती लिहिलेली असतीलच असं नाही.

सशाचं जेवण म्हणजे गवत, बाकी सगळं तोंडी लावणं. पोटाला दहा घास लागत असतील तर आठ गवताचे हवेत. दात जन्मभर वाढत असतात, पुढचे तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर. ते गवत रगडूनच झिजतात. मऊ खाणाऱ्या सशाच्या दाढांना टोकं येतात, ती जिभेला-गालाला टोचतात, तोंडातून लाळ गळते, आणि घरचे म्हणतात की हल्ली याला भूक नाही.

दोन किलोच्या सशाला दिवसाचा हिशोब असा धरा. सुकं गवत अमर्याद, निदान त्याच्या अंगाएवढा ढीग, चोवीस तास समोर. हिरवा पाला दोन-तीन प्रकारचा मिळून 150 ते 200 ग्रॅम: सांबार (कोथिंबीर), मेथी, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, तुतीची पानं. पालक, अंबाडी आठवड्यातून एकदोनदाच, त्यांत ऑक्झलेट जास्त. लसूणघास वाढत्या पिल्लाला आणि दूध पाजणाऱ्या मादीला चांगला. मोठ्याला रोज दिला तर कॅल्शियम जास्त होऊन लघवीत खर साचते. सशाच्या गोळ्यांचं खाद्य मिळालं तर किलोमागं 25 ग्रॅमच्या वर नाही. गवत चांगलं असेल तर नसलं तरी अडत नाही. गाजराची अंगठ्याएवढी चकती आठवड्यातून दोनदा. चित्रातला ससा गाजर खातो म्हणून खऱ्यानं खावं असं नाही. त्यात साखर आहे. पोळी, भात, मुरमुरे, बिस्किट, फल्लीदाणे, मका, डाळीची चुनी बंद. आधीच्या घरी त्याला तीच सवय असेल, तर पाला एकदम न वाढवता सात ते दहा दिवसांत हळूहळू वाढवा, नाहीतर हगवण लागते.

गवत घरीच करा. हरळी किंवा मारवेल फुलोऱ्यावर यायच्या आत कापा, सावलीत दोन-तीन दिवस उलटंपालटं करून सुकवा. हिरवट रंग आणि गोडसर वास राहिला पाहिजे. चुंगडीत सैल भरून आढ्याला टांगा, जमिनीची ओल लागू देऊ नका. पावसात भिजून काळे ठिपके पडलेली तणस अंथरायलाही नको, तिची बुरशी छातीत जाते. कुसळी गवत पूर्ण वर्ज्य. त्याची कुसळं ओठांत, डोळ्यांत शिरतात आणि आतच पू धरतो.

गवत कुठून कापता याकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या. कापसाच्या, सोयाबीनच्या, धानाच्या धुऱ्यावर तणनाशक पडलेलं असतं, शेजारच्याची फवारणी वाऱ्यानं आलेली असते. ते गवत धुऊनही साफ होत नाही, कारण बरीच औषधं पानाच्या आत शिरतात. परसात दहा बाय दहा फुटांचा हरळीचा तुकडा राखला आणि दोन भागांत आळीपाळीनं कापला, तर एका सशाला हिरव्या चाऱ्याची ददात नाही. गाजरगवत, घाणेरी, रुई, कण्हेर, धोत्रा, एरंड, टमाट्या-बटाट्याचा पाला, कांदा-लसणाची पात टाळा. सुबाभूळही नको; शेळी खाते म्हणून लोक देतात, पण त्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यानं सशाचे केस गळतात. कोवळी ज्वारी जशी गुरांना बाधते तशी यालाही बाधते.

वरून टिनाचे पत्रे, दुपारी लाइन जाते. मागच्या मे महिन्यात शेजाऱ्याचा ससा एका दुपारीत गेला. आता आमच्याकडं एक आलाय. कसा वाचवायचा?
— वाचक, ता. बार्शीटाकळी, जि. अकोला

सशाला 15 ते 25 अंश मानवतात. तिशीच्या वर त्याला त्रास सुरू होतो, पस्तिशीच्या वर जिवावर बेततं, आणि अकोल्याचा मे महिना कुठं थांबतो ते तुम्हाला सांगायला नको. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. हवाच अंगापेक्षा तापलेली असली की कान काही कामाचे राहत नाहीत.

टिनाखालचा पिंजरा एप्रिल ते जूनमध्यापर्यंत घरात हलवा. कवेलूची किंवा मातीच्या भिंतींची खोली असेल तर उत्तमच. नसेल तर पत्र्यावर तुराट्यांचा किंवा तणसाचा जाड थर टाका आणि खोलीत वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीला ओला बारदाना लावा. कूलर चालतो, पण झोत थेट अंगावर नको. कूलरची खरी साथ एप्रिल-मेच्या कोरड्या हवेतच असते. जूनमध्ये ढग आले, हवा दमट झाली की तोच कूलर खोलीत वाफ धरतो. तेव्हा पाणी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. पंख्यानं घाम न येणाऱ्या जनावराला फारसा थंडावा मिळत नाही, म्हणून त्याच्यासोबत खाली सांगितलेल्या गोठवलेल्या बाटल्या आणि फरशी हवीच.

कोरड्या हवेत, लाइन गेल्यावरही चालणारा उपाय म्हणजे फुटका माठ. तोंड फोडून 7-8 इंच रुंद करा आणि कड दगडानं घासून बोथट करा. लोखंडी घमेल्यात किंवा विटांच्या आळ्यात चार इंच वाळू भरून तीत माठ आडवा, अर्धा पुरल्यासारखा बसवा. वाळू सकाळी, दुपारी बाराला आणि तीनला भिजवा. बाहेरून ओल उडते, आतली माती कोरडी आणि गार राहते, आणि ससा बिळात गेल्यासारखा आत जाऊन पडतो. माठ जुना, कधी रंग न लावलेला हवा. रंगाचा थर असला की पाणी झिरपत नाही. फ्रिज असेल तर लिटरच्या दोन बाटल्या आळीपाळीनं गोठवून, जुन्या कापडात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवा. तो टेकून बसतो, नको झालं की सरकतो. खाली शहाबादी फरशीचा तुकडा असू द्या. ओला पाला पहाटे आणि दिवेलागणीनंतर. पाणी एरवी किलोमागं दिवसाला 50 ते 150 मिलिलिटर लागतं, उन्हाळ्यात जास्त. परळ दोन ठेवा, एक लवंडला तरी दुसरा राहतो.

कान लाल आणि गरम, नाकाभोवती ओल, तोंड उघडून धापा, अंग सैल टाकलेलं: हा उष्माघात आहे. ससा एरवी तोंडानं श्वास घेत नाही, त्यामुळं उघडं तोंड दिसलं की घाई करा. सावलीत न्या, माठाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यानं कान आणि पायांचे तळवे ओले करत राहा, वारा घाला, पाणी तोंडाजवळ धरा पण घशात ओतू नका. बादलीत बुडवू नका, बर्फ लावू नका. त्या धक्क्यानंच जातो. सावरला तरी पशुवैद्यकाला दाखवा आणि पुढचे चोवीस तास लेंड्या मोजा, कारण अशा दुपारीनंतर आतडं थांबतं.

आमचा ससा पहाटे स्वतःच्याच बुडाशी तोंड नेऊन काहीतरी खातो. किळस वाटते. शिवाय लघवी कधी पांढरी, कधी विटकरी. आजारी आहे का?
— वाचक, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर

नाही. तो मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घडासारखी विष्ठा खातो. कोरडी लेंडी नव्हे. गवत एकदा पचवून सगळं सत्त्व निघत नाही, म्हणून ते दुसऱ्यांदा पोटात जातं. गाय रवंथ करते, हा असा. अडवू नका. उलट तो मऊ घड न खाता बुडाला चिकटलेला दिसला, तर खाणं फार सकस होतंय किंवा ससा लठ्ठ झालाय. पांढरट लघवी कॅल्शियमची, विटकरी बहुतेक वेळा पाल्यातल्या रंगद्रव्यांची. सगळी लघवी एकसारखी विटकरी असेल तर हरकत नाही; साध्या लघवीत लाल धागे, ठिपके दिसले किंवा तो कुंथत असेल तर दाखवा.

नाकावर, कानाच्या कडेला, बोटांवर पांढऱ्या खपल्या आल्यात. मेडिकलवाल्यानं कुत्र्याचा पिसवांचा स्प्रे आणि अँटिबायोटिकची गोळी दिली. गावात जळकं ऑईल लावायला सांगतात.
— वाचक, ता. चांदूर रेल्वे, जि. अमरावती

तिन्ही थांबवा. स्प्रेच्या डब्यावर फिप्रोनिल हे नाव असेल तर तो सशाला जीवघेणा आहे, कुत्र्याला कितीही मानवत असला तरी. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं औषध तोंडावाटे दिलं की सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी वाढतात, आणि खरूज राहते बाजूला, ससा जुलाबानं जातो. लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन यांचंही तेच. जळकं ऑईल, रॉकेल तो चाटून पोटात घेतो.

तुम्ही लिहिलंय ती बहुधा खरूज आहे, कातडीत बिळं करणाऱ्या किड्यांची. आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शननं बरी होते, पण मात्रा फार बारीक. सहसा किलोमागं 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम, दहा-चौदा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. गुरांसाठीच्या बाटलीत 1 मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे दोन किलोच्या सशाला 0.04 ते 0.08 मिलिलिटर. गुरांच्या सिरिंजवर ही रेघच नाही, इन्सुलिनची सिरिंज लागते. म्हणून हे घरी करू नका. पशुधन विकास अधिकाऱ्यांना वजन लिहिलेली चिठ्ठी दाखवा. रोजचं काम गाई-बैलांचं असल्यानं नेमकं वजन दिलं की त्यांचंही काम सोपं होतं.

खरूज माणसालाही काही दिवस खाज आणते. हातमोजे घाला, चुंगड्या उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, लाकडी खोका असेल तर जाळून नवा करा. कानातल्या खपल्या काडीनं खरवडू नका. खालची कातडी सोलवटते, आणि इंजेक्शन लागू पडलं की त्या आपोआप गळतात.

पावसाळ्यात दुसरी भीती माशांची. ओल्या, घाण बुडावर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. बैलाच्या जखमेत टर्पेंटाईन किंवा फिनाईल ओततात तसं इथं करू नका. चिमट्यानं दिसतील तेवढ्या काढा आणि लगेच दवाखाना गाठा. पावसाळाभर सकाळ-संध्याकाळ शेपूट उचलून बघायचं.

वेल्डिंगवाल्याकडून जाळीच्या तळाचा पिंजरा करून घेतला, लेंड्या खाली पडाव्यात म्हणून. आता पायाला फोड आलेत.
— वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

सशाच्या पायाला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेवर ते झिजतात, मग कातडी, मग जखम हाडापर्यंत. तळावर प्लायवूड टाकून वर चुंगडी आणि चार बोटं तणस अंथरा. लेंड्यांसाठी कोपऱ्यात घमेलं ठेवा, त्यात तणस आणि वरून मूठभर सुकं गवत. ससा खात खात हगतो, त्यामुळं आठ-दहा दिवसांत जागा धरतो. बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा. कोंबडीची षट्कोनी जाळी कुत्रं फाडतं आणि तिच्या भोकांतून लहान साप आत येतो. पिंजरा निदान 6 बाय 2 फूट आणि ससा मागच्या पायांवर उभा राहील एवढा उंच. तरी तो झोपायची जागा समजा. रोज तीन-चार तास मोकळं सोडा, वायरी उचलून.

दोन्ही माद्या म्हणून सोडून दिलेली जोडी आणली. महिन्याभरात सहा पिल्लं झाली! आता?
— वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

आधी नर वेगळा करा, आजच. मादी व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते आणि 30-32 दिवसांत परत विते. आई पिल्लांजवळ दिसत नाही म्हणून घाबरू नका. ती दिवसातून एक-दोनदाच, पाच-एक मिनिटं पाजते. पहाटे पिल्लांची पोटं टम्म गोल दिसली की झालं. वरून दूध पाजायची घाई करू नका. पिल्लांचे डोळे दहाव्या दिवसाच्या आसपास उघडतात. आठ आठवड्यांच्या आत कुणाला देऊ नका. तीन महिने झाले की नर-माद्या वेगळ्या करा.

नर-मादी ओळखायला शेपटीपुढची जागा दोन बोटांनी हलकेच दाबा: गोल भोक आणि नळीसारखं बाहेर आलं तर नर, उभी चीर दिसली तर मादी. कोवळ्या वयात तज्ज्ञांचीही चूक होते, म्हणून महिन्यानं परत पाहा. कायमचा उपाय नसबंदी. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था, यांपैकी जवळ पडेल तिथं आधी विचारून जा. एसटीनं न्यायचं तर पहाटेची गाडी, तणस घातलेली झाकणाची बांबूची पाटी, वाटेत खायला ओला पाला. ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं. कुणी सांगितलंच तर पुन्हा विचारून घ्या. नसबंदीनंतरही नर सहा आठवडे मादीपासून दूर. मादीची केली तर पिल्लांचा प्रश्न सुटतोच, शिवाय वयात आल्यावर होणारा गर्भाशयाचा कर्करोगही टळतो.

गहू सोंगताना रानसशाची दोन पिल्लं मिळाली, डोळे उघडे, अंगावर केस. आमच्या पाळीव मादीखाली लावावी का?
— वाचक, ता. काटोल, जि. नागपूर

नका. रानसशाची पिल्लं जन्मतःच डोळे उघडी आणि केसाळ असतात. ती पोरकी नाहीत. आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. तेवढा तुकडा सोंगायचा ठेवा किंवा पिल्लं जवळच्याच धुऱ्यावर गवतात ठेवून कुत्री हाकला आणि दूर व्हा. रानससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, घरी ठेवता येत नाही. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाला 1926 वर फोन करा.

लेंड्या भाजीच्या वाफ्यात थेट टाकल्या तर चालतात का?
— वाचक, ता. तिरोडा, जि. गोंदिया

चालतात. कोंबडीच्या विष्ठेसारख्या त्या रोपं जाळत नाहीत. पण त्याच वाफ्यातली मेथी सशाला घालणार असाल तर लेंड्या आधी चार-सहा महिने खड्ड्यात कुजवा, कारण त्यांतून जाणारे कॉक्सिडियाचे जंतू पाल्याला लागून परत त्याच्याच पोटात जातात आणि लहान पिल्लं त्यानं दगावतात.